तांब्याची तार आणि काचेचा धागा : जोड कसा द्यावा?

स्मरणिकेसाठी काहीतरी तांत्रिक, पण मुलांच्या उपयोगी पडेल असे लिहा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. गेली काही वर्षे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील सभासदांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्याकडे येत आहे. "ग्रामपंचायतीत फायबर आले, पण शाळा तिथून अर्धा किलोमीटर, तिथपर्यंत नेट कसे न्यावे?" "वसतिगृहाच्या दोन इमारतींत वायर टाकली, दर पावसाळ्यात मशीन जळते." "बाजारातून तो डबा आणला, दिवेही लागतात, पण चालत नाही." या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तळहातावर मावणाऱ्या एका डब्याशी येऊन थांबतात. त्याला मीडिया कन्व्हर्टर म्हणतात, आणि त्याचा बोटाएवढा धाकटा भाऊ म्हणजे ट्रान्सीव्हर.

माझी नोकरी टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली. शिशाचे वेष्टण आणि आत कागद गुंडाळलेल्या तांब्याच्या जोड्या येथपासून सुरुवात केली आणि काचेच्या तंतूपाशी निवृत्त झालो. त्यामुळे या लेखात पुस्तकी भाग कमी आणि हाताखालून गेलेला भाग अधिक आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

प्रथम तांब्याची मर्यादा पाहू. संगणकाच्या मागे जी जाडसर निळी किंवा करडी वायर लागते तिच्यात तांब्याच्या चार पिळदार जोड्या असतात. तिच्यातून विजेचे स्पंद जातात. अंतर वाढले की स्पंद क्षीण होतात, शेजारच्या जोडीतील स्पंद त्यात मिसळतात, आणि पलीकडच्या यंत्राला शून्य कोणते व एक कोणता हे ओळखता येत नाही. म्हणून एका दमात १०० मीटर, हा नियम ठरलेला आहे. १९९० साली पिळदार जोडीवरचे दहा मेगाबिटचे मानक आले तेव्हाही तो होता, १९९९ साली तांब्यावर एक गिगाबिटचे आले तेव्हाही तोच राहिला. बाजारात स्वस्त म्हणून मिळणारी वायर पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. तिला तर शंभर मीटरही जड जातात.

काचेच्या धाग्याची गोष्ट निराळी. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की काचेत प्रकाश विझतो तो प्रामुख्याने काचेतील अशुद्ध घटकांमुळे. काच पुरेशी शुद्ध करता आली तर तीतून दूरवर संदेश पाठविता येईल. या कार्यासाठी काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी एका किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट असलेला तंतू तयार केला. २० डेसिबल म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा शंभरावा हिस्सा पोचणे. आजच्या चांगल्या तंतूत तेवढीच घट व्हायला सुमारे शंभर किलोमीटर लागतात. चंद्रपूरहून मूल, सावली करीत गडचिरोली गाठावी आणि पुढे चामोर्शीच्या रस्त्याला लागावे, एवढे अंतर काचेतून गेल्यावरही शंभरातला एक भाग प्रकाश शिल्लक राहतो.

आता या दोघांना जोडायचे कसे? तांब्यात वीज, काचेत प्रकाश. मध्ये कोणीतरी दुभाषा हवा. चंद्रपूरकरांना हे समजण्यासाठी दूर जायला नको. येथील औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी गेली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली. संयंत्रात वीज तयार होते ती उलटसुलट वाहणारी, म्हणजे ए.सी. दूरचा पल्ला किफायतशीरपणे गाठण्यासाठी ती या टोकाला डी.सी. करायची, आणि पडघ्याला पुन्हा ए.सी. करून द्यायची. दोन्ही टोकांना रूपांतर केंद्र लागते; एकाच टोकाला असून भागत नाही. भद्रावतीला तर याहून गमतीची व्यवस्था आहे. पश्चिम आणि दक्षिण भारताच्या वीजजाळ्यांचा ताल त्या काळी जुळत नव्हता, म्हणून दोन्ही रूपांतरे एकाच आवारात पाठीला पाठ लावून बसविली आणि दोन बेताल जाळी जोडली. मीडिया कन्व्हर्टरचे काम याच जातीचे आहे. वसतिगृहातल्या टोकाला वीज घेऊन प्रकाश करायचा, कार्यालयातल्या टोकाला प्रकाश घेऊन वीज करायची, आणि उलट दिशेनेही तेच. म्हणून कन्व्हर्टर जोडीनेच लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कन्व्हर्टर म्हणजे तारेच्या टोकाला लावलेला बल्ब नव्हे. एक गिगाबिटची तांब्याची जोडणी चारही जोड्यांतून एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलते, आणि प्रत्येक स्पंद विजेच्या पाच वेगवेगळ्या पातळ्यांपैकी एकावर असतो. काचेतील दिवा मात्र फक्त प्रखर आणि मंद एवढेच जाणतो, पण सेकंदाला सव्वाशे कोटी वेळा. म्हणजे तांब्यावरचा संदेश प्रथम पूर्ण उलगडायचा, नव्या सांकेतिक लिपीत मांडायचा आणि मग दिव्याला सांगायचे. आतील चिप हे काम करते. संदेशाचा मजकूर मात्र ती बदलत नाही. पत्र कोणाचे, कोणाला, हे कन्व्हर्टर पाहत नाही. तो स्विचही नाही आणि राउटरही नाही. त्यामुळे त्याला पासवर्ड नसतो, पत्ता नसतो, संगणकाच्या पडद्यावर तो दिसत नाही. बिघडला तर तो आपले नाव सांगत नाही, आणि मुले बिचारी राउटरची सेटिंग बदलत बसतात.

यानंतर मी जे सांगणार आहे ते या लेखातील सर्वांत महत्त्वाचे, असे माझे मत आहे. आपल्या भागात इमारत ते इमारत फायबर टाकायचे ते वेगासाठी नव्हे, विजेसाठी, आकाशातल्या विजेसाठी.

आपल्या वसतिगृहाची हकीकत सांगतो. अभ्यासिका आणि वसतिगृह यांत अंतर २३० मीटर. सुरुवातीला खर्च वाचविण्यासाठी आम्ही तांब्याची वायर टाकली. १०० मीटरचा नियम सांभाळायचा म्हणून मध्ये दोन ठिकाणी, एक कडुलिंबावर आणि एक पंपाच्या खोलीत, लहान स्विच ठेवले. उन्हाळाभर उत्तम चालले. मृगाच्या पहिल्याच वादळात आवाराजवळ कुठेतरी वीज पडली. आमच्यावर नव्हे, जवळ. दोन्ही स्विच गेले, अभ्यासिकेतील राउटर गेला आणि एका संगणकाचे जाळ्याचे पोर्ट गेले. नेमके महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस. मुलांनी शहरातील दुकानांत रांगा लावून, ताशी पैसे मोजून अर्ज भरले. एका मुलीचे जातप्रमाणपत्र अपलोड होता होता शेवटची तारीख टळायची वेळ आली होती. ही योजना मी आखलेली होती, म्हणून दोषही माझाच.

झाले काय? वीज जमिनीत शिरते तेव्हा त्या जागेच्या मातीचे विद्युत दाबमान क्षणभर हजारो व्होल्टने वर जाते. दोनशे मीटरवरची माती मात्र तशीच असते. दोन्ही इमारतींना आपापली अर्थिंग असते, आणि आपण त्या दोन अर्थिंगच्या मध्ये तांब्याची वायर बांधून ठेवलेली असते. एका तळ्याचे पाणी चढले आणि शेजारच्या तळ्याशी जोडणारी नळी उघडी असली, की लोंढा नळीतूनच जाणार. संगणकाच्या पोर्टमध्ये संरक्षणासाठी एक बारीक ट्रान्सफॉर्मर असतो. तो दीड हजार व्होल्टपर्यंतचा धक्का सोसेल अशी अपेक्षा असते. त्यापुढे नाही. काच वीज वाहूनच नेत नाही. मध्ये फायबर आले की ती नळीच नाहीशी झाली. वर सांगितलेल्या उच्चदाब रूपांतर केंद्रांच्या प्रकारात प्रचंड दाबावर बसलेल्या थायरिस्टरांना चालू होण्याची आज्ञा प्रकाशतंतूतूनच देतात, ती याच कारणासाठी. त्या मोठ्या यंत्रांची युक्ती आपल्या वसतिगृहाला परवडणाऱ्या किमतीत मिळते, कारण कन्व्हर्टरच्या जोडीची किंमत आज एखाद्या साध्या मोबाईलच्या आसपास आहे.

मात्र दोन सावधगिऱ्या हव्यात. बाहेर टाकायच्या पुष्कळशा फायबर केबलमध्ये उंदरांपासून बचावासाठी पोलादी कवच किंवा झुलती ठेवण्यासाठी पोलादी तार असते. काच वीज नेत नसली तरी ते पोलाद नेते! कवच इमारतीबाहेरच कापावे, अर्थिंगला जोडावे, आणि फक्त तंतू आत न्यावा. नाहीतर संपूर्ण धातूविरहित केबल घ्यावी. पण मग जमिनीखाली ती पाइपातून न्यावी, कारण उंदीर-घुशी प्लॅस्टिकला सोडत नाहीत. दुसरे असे, की कन्व्हर्टरला वीजपुरवठा लागतोच, आणि लोंढा त्या अडॅप्टरमधूनही येऊ शकतो. ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवणे हा उपाय जुना आहे, पण त्याला तोड नाही.

आम्ही फायबर टाकले. पण कन्व्हर्टर लावल्यावर पहिल्या दिवशी काहीच चालले नाही, आणि ती चूक सांगण्यासारखी आहे. पूर्वी दोन तंतू लागत, एक पाठवायला आणि एक घ्यायला. हल्ली एकाच तंतूवर दोन रंगांचा प्रकाश दोन दिशांनी जातो. रंग म्हणजे डोळ्यांना दिसणारे नव्हेत, अवरक्त. एक १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा, दुसरा १५५० चा. 'ए' छापाचा डबा १३१० वर बोलतो आणि १५५० वर ऐकतो. 'बी' त्याच्या उलट. मी दुकानदाराला "दोन नग द्या" एवढेच सांगितले आणि दोन्ही 'ए' आले. दोघेही एकाच स्वरात बोलत होते आणि दोघेही दुसऱ्याच स्वराकडे कान लावून बसले होते. 'बी' बदलून आणला, तरी चालेना. मग पाहिले, एक डबा १०० मेगाबिटचा आणि दुसरा १००० चा. तांब्याच्या बाजूला दोन यंत्रे आपसांत बोलून वेग ठरवून घेतात. काचेच्या बाजूला अशी तडजोड होत नाही. दोन्ही टोकांचा वेग, तंतूचा प्रकार आणि तरंगलांबीची जोडी या तीन गोष्टी खरेदीपूर्वीच कागदावर लिहून जुळविल्या पाहिजेत. विद्यार्थ्यांनी हा कागद दुकानात सोबत न्यावा, माझ्यासारखे पाठांतरावर जाऊ नये.

तंतूच्या प्रकाराविषयी थोडे. सिंगल-मोडचा प्रकाशमार्ग अवघा ९ मायक्रॉनच्या आसपास असतो, मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५. बाहेरील काच दोन्हींची १२५ मायक्रॉनच, त्यामुळे टोके एकमेकांत बसतात आणि फसगत होते. पिवळी पॅच कॉर्ड बहुधा सिंगल-मोड असते, नारिंगी किंवा फिकट निळी मल्टिमोड. गावात, आवारात, कोठेही नवे काम करताना सिंगल-मोडच टाकावे. जोडणीच्या टोकांतही असेच. एससी हे चौकोनी मोठे, एलसी त्याचे निम्मे. हिरव्या टोकाची काच तिरकी घासलेली असते, निळ्याची सरळ. हिरवे निळ्यात दाबून बसविले तर दोन काचांमध्ये फट राहते, प्रकाश कमी पोचतो आणि टोकांनाही इजा होऊ शकते.

आता ट्रान्सीव्हर. मोठ्या स्विचमध्ये कन्व्हर्टरऐवजी एक लांबट खाच असते, तीत धातूचा लहान तुकडा सरकवायचा. त्याला एसएफपी म्हणतात. दिवा आणि डोळा त्या तुकड्यातच असतात, उरलेले काम स्विच करतो. सोय अशी, की आज पाचशे मीटरचा तुकडा लावला आणि उद्या वीस किलोमीटर हवे झाले तर स्विच न बदलता तुकडाच बदलायचा. एका टोकाला कन्व्हर्टर आणि दुसऱ्याला एसएफपी असेही चालते, वरील तीन गोष्टी जुळल्या म्हणजे झाले. अडचण एवढीच की काही कंपन्यांचे स्विच आपल्याच शिक्क्याचा तुकडा स्वीकारतात. काचेचा नियम एक असताना खाचेला जातपात लावण्याचा हा प्रकार मला कधी पटला नाही; पण खरेदी करताना विचारून घ्यावे. दहा गिगाबिटच्या खाचेत बहुतेक वेळा एक गिगाबिटचा तुकडा चालतो, उलट मात्र नाही.

लांब अंतरासाठी हिशेब मांडावा लागतो. घरखर्चाच्या हिशेबासारखाच तो आहे. समजा, एखाद्या आश्रमशाळेला तालुक्याच्या गावाहून १८ किलोमीटरचा रिकामा तंतू भाड्याने मिळाला. कन्व्हर्टरच्या कागदावर लिहिले आहे: पाठवितो किमान उणे ८, आणि ऐकू शकतो उणे २३ पर्यंत. हे आकडे एक मिलिवॅटच्या तुलनेतले आहेत. उणे २३ म्हणजे मिलिवॅटचा दोनशेवा भाग. एवढा मंद प्रकाशही तो ओळखतो. या दोहोंतील फरक १५ डेसिबल, हे आपले उत्पन्न. आता खर्च. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ प्रमाणे १८ किलोमीटरचे ६.३. केबलचा ड्रम दोन किलोमीटरचा धरला तर वाटेत आठ जोड आणि टोकांचे दोन, असे दहा. चांगला वितळजोड ०.१ चा, म्हणून १. दोन्ही टोकांकडील मिळून चार कनेक्टर, अर्ध्याप्रमाणे २. एकूण खर्च ९.३. शिल्लक ५.७.

शिल्लक पाहून हुरळून जाऊ नये. आपल्याकडे रस्त्याची रुंदी वाढते, जेसीबी येतो, केबल तुटते. मधला तुकडा घालून दुरुस्ती केली की दोन जोड वाढतात. पाच वेळा तुटली तर दहा. जोड नीट झाले तर एकच डेसिबल गेला. पण पावसात, घाईत, झाकणाशिवाय केलेला जोड अर्धा डेसिबल सहज खातो, म्हणजे पाच गेले. मग उरलेल्या ०.७ वर एखाद्या कनेक्टरवर धूळ बसली की शाळा बंद. तेव्हा लोक म्हणतात, "कालपर्यंत चालत होते, आज अचानक गेले." अचानक काही गेलेले नसते. म्हणून जोडणी नवी असतानाच प्रकाश किती पोचतो ते पॉवर मीटरने मोजून, तारखेसह भिंतीवर लिहून ठेवावे. उलट चूकही होते. वीस-चाळीस किलोमीटरचा जोरदार तुकडा दोनशे मीटरवर लावला तर समोरचा डोळा दिपतो, आणि तेथे प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर घालावा लागतो.

धुळीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आमच्या चंद्रपुरात उघड्या खाणींची आणि कोळशाच्या वाहतुकीची धूळ कपाटातही शिरते. तिचा एक कण काही मायक्रॉनचा. प्रकाशाची वाट नऊ मायक्रॉनची. म्हणजे एका कणाने अर्धा दरवाजा बंद. टोपण काढले की लगेच जोडावे, टोपण खिशात टाकू नये, आणि टोक शर्टाला पुसू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारा कागद यांनीच पुसावे. टोकाकडे डोळा लावून "उजेड येतो का" हे तर कधीही पाहू नये. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यात दिसेल, अशीही एक समजूत आहे. १३१० आणि १५५० च्या प्रकाशाला तो कॅमेराही आंधळाच असतो.

आता ग्रामपंचायतीच्या फायबरविषयी, कारण गडचिरोलीच्या सभासदांचा मुख्य प्रश्न तोच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. आपल्या राज्यात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने चालले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात पूर्वीच्या सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी धरली आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने वाट राहावी. ज्या जिल्ह्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा रस्ता कित्येक पावसाळ्यांत दिवस दिवस तुटला, तेथे दुसरी वाट म्हणजे काय हे सांगायला नको.

पहिल्या टप्प्यात पंचायतीपर्यंत आलेला तंतू बहुतांशी जीपॉन पद्धतीचा आहे. तालुक्याच्या टोकाला एक मोठे यंत्र, वाटेत काचेचे विभाजक, आणि एकाच तंतूच्या फांद्या अनेक गावांना. खाली येताना १४९० नॅनोमीटरवर सगळ्यांसाठीचे संदेश एकत्र येतात, वर जाताना १३१० वर प्रत्येक गाव आपापल्या ठरलेल्या क्षणीच बोलते. सभेत एकेकाने हात वर करून बोलावे तसे. आपला बाजारातला कन्व्हर्टर ही शिस्त जाणत नाही. तो त्या फांदीला जोडला तर चालणार नाही, एवढेच नव्हे. त्याचा दिवा १३१० चा असेल तर तो अखंड पेटलेला राहील आणि त्या झाडावरच्या सर्व गावांचा आवाज बुडवील. कुतूहलापोटी एका मुलाने केलेल्या जोडणीने डझनभर पंचायतींचे दाखले, शिधापत्रिकेची कामे आणि पैशांचे व्यवहार थांबू शकतात. तेव्हा पंचायतीत आलेल्या तंतूला हात लावू नये.

योग्य मार्ग असा. पंचायतीतील त्या डब्याला पुढे तांब्याची पोर्ट असते. परवानगी घेऊन त्या पोर्टमधून एक हात लांबीची वायर आपल्या कन्व्हर्टरला द्यावी, तेथून स्वतःचा वेगळा तंतू शाळेपर्यंत किंवा आरोग्य उपकेंद्रापर्यंत न्यावा, आणि तेथे दुसरा कन्व्हर्टर ठेवावा. रस्ता ओलांडायचा तर ग्रामपंचायतीचा ठराव, वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी. विजेच्या खांबावर विचारल्याशिवाय केबल टांगणे हा जिवाशी खेळ आहे. डबा ठेवायची जागाही विचारपूर्वक निवडावी. साध्या कन्व्हर्टरवर ४० किंवा ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४६-४७ वर जातो. पत्र्याच्या पेटीत, स्लॅबखाली ठेवला तर तो भाजून निघतो. खालच्या अंगाला, हवा लागेल अशा ठिकाणी, वाळवीचा मागमूस नसलेल्या भिंतीवर ठेवावा.

बिघाड शोधणे मी फोनवरूनच शिकवितो. मागच्या पावसाळ्यात एटापल्ली तालुक्यातून बारावीच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. शाळेचे नेट दोन दिवस बंद. कन्व्हर्टरवर तीन दिवे पाहायला सांगितले: वीज, तांबे, काच. शाळेकडे वीज होती, तांब्याचा दिवा होता, काचेचा नव्हता. पंचायतीकडे जाऊन पाहा म्हटले. तेथे काचेचा दिवाही होता. म्हणजे शाळेकडून पंचायतीकडे प्रकाश पोचत होता, उलट पोचत नव्हता. तंतू तुटला असता तर दोन्हीकडचे गेले असते. मी विचारले, पंचायतीकडचा डबा 'ए' की 'बी'? तो म्हणाला, 'बी'. 'बी' बोलतो १५५० वर, आणि १५५० चा प्रकाश वळणाला फार नाजूक. तंतू आवळून वाकविला की १३१० तग धरतो, पण १५५० काचेतून बाहेर सांडतो. "कपाट कोणी सरकविले का?" थोडा वेळ फोन शांत. मग तो म्हणाला, "सर, ध्वजवंदनासाठी खुर्च्या काढल्या, तेव्हा कपाट भिंतीला लावलं." पॅच कॉर्ड कपाट आणि भिंत यांत चेपली होती. ती सोडवून मुठीएवढा सैल वेढा दिला आणि दिवा लागला. या कामासाठी जिल्ह्याच्या गावाहून माणूस मागविला असता तर किती दिवस लागले असते, हे एटापल्लीकडच्या सभासदांनीच सांगावे.

काही डब्यांवर एक बारीक कळ असते. ती चालू असली की काचेची बाजू गेल्यावर डबा तांब्याची बाजूही मुद्दाम बंद करतो, जेणेकरून दूरच्या स्विचला बिघाड कळावा. मोठ्या जाळ्यात ही सोय चांगली. पण शिकताना ती बंद ठेवावी. नाहीतर दोन्ही दिवे एकदम जातात आणि दोष कोणत्या बाजूला हे ओळखता येत नाही.

संस्थेच्या कार्यालयात एक पॉवर मीटर, लाल प्रकाशाची एक विजेरी (तंतू जवळपास कोठे वाकला वा तुटला आहे ते तीवरून दिसते) आणि पुसण्याचे साहित्य ठेवले आहे. वितळजोडाचे यंत्र आपल्याकडे नाही. ते काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे. मीटर व विजेरी सभासद आणि विद्यार्थी यांना नोंदवहीत सही करून आठ दिवसांसाठी नेता येईल. परत करताना बॅटरी काढून ठेवावी, आणि मोजलेला आकडा, ठिकाण व तारीख त्याच वहीत शेवटच्या रकान्यात लिहावी.